अर्भकाच्या मेंदूची राखण

वैद्यकाच्या विषयावर कामगार संघटनेच्या माणसाने का बोलावे, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येणे साहजिक आहे. आम्ही डॉक्टर नाही. आमची शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते नगर वाचनालयात आणि कामगारांच्या वस्तीत. परंतु विडी कामगार, बांधकाम मजूर आणि ऊसतोडणीला जाणारी कुटुंबे यांच्यामध्ये तीस वर्षे हिंडताना मान न धरणारे, हातपाय ताठ झालेले, दहाव्या वर्षीही कडेवरूनच न्यावे लागणारे मूल आम्ही एका घरी नव्हे, अनेक घरी पाहिले. कारण विचारले की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळे: ‘जन्मल्यावर रडलं नाही.’ त्यामागून बहुधा दुसरे वाक्य येई आणि ते आईवर रोखलेले असे: तिने ग्रहण पाळले नाही, तिने पथ्य केले नाही, तिचीच कूस खोटी.

यांतील पहिले वाक्य अर्धे खरे आहे आणि दुसरे संपूर्ण खोटे आहे. असे आम्ही का म्हणतो, आणि हा विकार कोठे कोठे टाळता येतो, हे येथे क्रमाने मांडतो.

या विकाराला डॉक्टर मंडळी सेरेब्रल पाल्सी म्हणतात. मराठीत मेंदूचा पक्षाघात म्हणतात. मेंदू घडत असताना, म्हणजे गर्भात, जन्मताना किंवा जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत, त्याला इजा झाली अथवा त्याची घडणच सदोष झाली, तर स्नायूंवरचा त्याचा ताबा बिघडतो. स्नायू स्वतः धड असतात. त्यांना हुकूम देणारा भाग दुखावलेला असतो. हा विकार एकापासून दुसऱ्याला लागत नाही. झालेली इजा वाढत जात नाही, पण दुखावलेला भाग पुन्हा पहिल्यासारखा होतही नाही. कोणाचा एक हात-पाय, कोणाचे दोन्ही पाय, कोणाचे सारे शरीर अडते. पुष्कळांची बुद्धी शाबूत असते. जीभ साथ देत नाही म्हणून लोक त्यांना मंद समजतात. श्रीमंत देशांत आज हजार जन्मांमागे दोनाहून कमी मुलांना हा विकार होतो. गरीब देशांत हे प्रमाण तीनाच्या पुढे जाते. हा जो फरक आहे, तोच आमचा विषय आहे. एवढा फरक पडू शकतो, याचाच अर्थ सारे दैवाधीन नाही.

आता ‘रडलं नाही’ या उत्तराकडे वळू. हे उत्तर आपल्याच वस्तीतले नव्हे. लंडनचे शल्यवैद्य विल्यम जॉन लिटल यांनी १८६१ साली प्रसूतिशास्त्राच्या मंडळापुढे निबंध वाचून सांगितले की, अडलेले बाळंतपण, अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि जन्मताना गुदमरणे यांमुळे मुलांचे हातपाय ताठ होतात. पुढे कित्येक वर्षे या विकाराला ‘लिटलचा रोग’ असेच नाव होते. परंतु १८९७ साली सिग्मंड फ्रॉइड यांनी, जे पुढे मनोविश्लेषणामुळे जगप्रसिद्ध झाले, एक शंका काढली. बाळंतपण अडल्यामुळे मेंदू बिघडला, की मेंदूत आधीच बिघाड असल्यामुळे बाळंतपण अडले? ही शंका पुष्कळ काळ पडून राहिली. १९८६ साली अमेरिकेत कॅरिन नेल्सन आणि जोनास एलेनबर्ग यांनी हजारो जन्मांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसून आले की, बहुसंख्य मुलांच्या बाबतीत केवळ गुदमरणे हे कारण नव्हते. इजा बहुधा त्याआधीच सुरू झालेली होती. आपल्याकडे, जेथे बाळंतपणाची सोय अपुरी आहे, तेथे गुदमरणे, कावीळ आणि जंतुदोष यांचा वाटा अधिक असतो, हेही तितकेच खरे. पण तेथेसुद्धा सारा दोष त्या शेवटच्या घटकेच्या माथी मारणे बरोबर नाही.

यावरून आम्ही जे शिकलो ते असे. पिकाची राखण कणसे भरल्यावर सुरू करून भागत नाही. ती पेरणीपासून खळ्यापर्यंत करावी लागते. अर्भकाच्या मेंदूचेही तसेच आहे. एकच औषध, एकच डॉक्टर किंवा एकच घटका यांवर ती राखण अवलंबून नाही. ती पुष्कळ लहान लहान कामांची मिळून होते, आणि त्यांतील प्रत्येक काम कोणाच्या तरी वाट्याला आलेले असते.

राखणीचा आरंभ मुलगी आई होण्याच्याही आधी होतो. रुबेला नावाचा साधा दिसणारा ताप गर्भवतीला पहिल्या महिन्यांत आला, तर गर्भाचे डोळे, कान, हृदय आणि मेंदू यांना धोका होतो, हे ऑस्ट्रेलियाचे नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली दाखवून दिले. त्यावर लस आहे. आपल्या देशात गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम २०१७ साली सुरू झाली. त्याआधी वाढलेल्या पुष्कळ मुलींना ही लस मिळालेली नाही. त्यांनी लग्नाच्या सुमारास विचारून घ्यावी. दिवस राहिल्यावर मात्र ती देत नाहीत. जवळच्या नात्यात लग्ने होणाऱ्या घरांत काही आनुवंशिक विकारांचा संभव वाढतो. त्यांतील काहींमुळे मेंदूची घडण बिघडते. मामाची किंवा आत्याची मुलगी करण्यापूर्वी घरात अशी मुले झाली आहेत का, हे पाहून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आयोडीनयुक्त मीठ, लोहाच्या गोळ्या आणि पोटभर अन्न यांचे महत्त्व निराळे सांगायला नको.

गर्भारपणात सर्वांत मोठा धोका अपुऱ्या दिवसांच्या जन्माचा आहे. आठव्या महिन्याच्या आत जन्मलेल्या मुलाच्या मेंदूतील रक्तवाहिन्या अतिशय नाजूक असतात. त्या फुटतात किंवा रक्त कमी पडून आतील भाग सुकतो. म्हणून दिवस भरेपर्यंत गर्भ राहावा, यासाठी जे जे करता येईल ते ते या विकाराविरुद्धचेच काम होय. रक्तदाब तपासणे, लघवीतील जंतुदोष वेळीच बरा करणे, अंगात रक्त वाढवणे ही सगळी त्यातलीच कामे. आमच्या बायकांत मिश्री लावण्याची सवय मोठी आहे. ती कोणाला व्यसन वाटत नाही, दात घासणे वाटते. मुंबईतील गर्भवती स्त्रियांची एक पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तीत मिश्रीसारखी तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरी सुमारे १०५ ग्रॅमने कमी आढळले, आणि वेळेआधी प्रसूत होण्याचे प्रमाणही त्यांच्यात अधिक होते. जुळ्या-तिळ्यांनाही धोका अधिक असतो. म्हणून मूल होण्यासाठी प्रयोगशाळेचे उपचार घेणाऱ्यांनी एका वेळी एकच गर्भ ठेवण्याचा आग्रह धरावा.

डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर व हातांवर सूज, ताप, अंगावरून रक्त जाणे, कळा नसताना पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, यांतील काहीही झाले तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. हे वाक्य घरातील पुरुषांनी आणि सासूबाईंनी विशेष लक्षात ठेवावे. कारण गाडी बोलवायची की नाही, हे बहुधा तेच ठरवतात.

आता आमच्या चळवळीचा या विषयाशी असलेला संबंध. जपानच्या क्यूशू बेटावर मिनामाता हे गाव आहे. तेथील चिस्सो कंपनीचा रासायनिक कारखाना पारा असलेले सांडपाणी समुद्राच्या आखातात सोडत असे. तेथले मासे खाणाऱ्या लोकांना मज्जातंतूंचा भयंकर आजार झाला आणि १९५६ साली त्याची अधिकृत नोंद झाली. त्याच वस्त्यांत मेंदूच्या पक्षाघातासारखी लक्षणे असलेली मुले जन्माला येत होती. मुलांनी तर मासा तोंडात घातला नव्हता, आणि त्यांच्या आया वरकरणी धडधाकट दिसत. वार ही चाळण असून तिच्यातून विष पलीकडे जात नाही, असे तेव्हाचे वैद्यक मानीत असे. मासाझुमी हारादा यांच्यासारख्या डॉक्टरांनी आयांचे म्हणणे ऐकून घेतले आणि मुलांना नीट तपासले. अखेर १९६२ साली १६ मुलांचा विकार म्हणजे गर्भातच झालेली पाऱ्याची बाधा होय, हे अधिकृतपणे मान्य झाले. पुढे ऑगस्ट १९६८ मध्ये त्या कारखान्यातील एका कामगार संघटनेने ठराव केला की, आपण इतकी वर्षे या रोग्यांच्या बाजूने लढलो नाही, ही आपल्याला लाज आणणारी गोष्ट आहे.

हा ठराव प्रत्येक कामगार संघटनेने वाचावा. आमच्या मागण्यांच्या यादीत पगार, बोनस आणि महागाई भत्ता असतो, आणि असलाच पाहिजे. पण पारा, शिसे, जालीम द्रावणे किंवा तंबाखूची धूळ असलेल्या जागी गर्भवतीला काम करावे लागू नये, आणि तिची मजुरी न कापता तिला दुसरे काम मिळावे, ही मागणीही त्याच यादीत हवी.

विश्रांतीचेही असेच आहे. मुंबई कायदेमंडळात १९२८ साली बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. १९६१ साली साऱ्या देशासाठी कायदा झाला, २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती ठेवली गेली. परंतु जिचे नावच मुकादमाच्या वहीत नाही, तिला कसली रजा? ऊसतोडणीच्या फडात उचल फिटेपर्यंत सुटका नसते आणि एक दिवस घरी राहिले तर खाडा कापला जातो. तेथे आठव्या-नवव्या महिन्यातही बाई मोळ्या वाहते. सतत उभे राहणे आणि जड ओझी वाहणे यांमुळे वेळेआधी प्रसूतीचा संभव वाढतो, हे आता सिद्ध आहे. हा प्रश्न औषधाचा नाही. वहीत नाव घालण्याचा आहे.

इतके करूनही कळा वेळेआधी सुरू झाल्या तर? येथे वैद्यकाने दोन स्वस्त शस्त्रे दिली आहेत. न्यूझीलंडचे ग्रॅहम लिगिन्स आणि रॉस हॉवी यांनी १९७२ साली दाखवले की, वेळेआधी प्रसूत होऊ घातलेल्या आईला स्टेरॉइडची इंजेक्शने दिली, तर बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. मेंदूतील रक्तस्रावही त्यामुळे कमी होतो. दुसरे औषध मॅग्नेशियम सल्फेट. गर्भारपणात रक्तदाब वाढून येणाऱ्या झटक्यांवर हे जुनेच औषध आहे. ३२ आठवड्यांच्या आत होणाऱ्या प्रसूतीपूर्वी ते दिले, तर बाळाला मेंदूचा पक्षाघात होण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो, असे अनेक प्रयोगांवरून दिसून आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली त्याची शिफारस केली. दोन्ही औषधे महाग नाहीत. मात्र ती रुग्णालयातच आणि प्रसूतीच्या आधी पडावी लागतात; बाई तेथे वेळेवर पोचली नाही, तर औषध कपाटातच राहते.

आता प्रत्यक्ष जन्माची घटका. कळा लवकर याव्यात म्हणून घरी किंवा अर्ध्याकच्च्या दवाखान्यात कोणी कळांचे इंजेक्शन देते, कोणी पोटावर जोराने दाबते. दोन्ही घातक आहेत. गर्भाशय सारखे आवळत राहिले तर बाळाला मिळणारा रक्तपुरवठा तुटतो. ते इंजेक्शन रुग्णालयात, मोजून, बाळाचे ठोके ऐकत ऐकतच द्यावयाचे असते. बाळ रडले नाही, तर त्याला उलटे धरणे, थापट्या मारणे, गार पाणी शिंपडणे, नाकाशी कांदा धरणे यांत मोलाची मिनिटे जातात. बाळाला कोरडे पुसावे, ऊब द्यावी, पाठ चोळावी. तरीही श्वास आला नाही तर पहिल्या मिनिटातच पिशवी आणि मुखवट्याने हवा द्यावी. बहुसंख्य बाळांना याहून अधिक काही लागत नाही.

हे काम मोठा डॉक्टरच करू शकतो असे नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील साध्या बायकांना नवजात बाळाची निगा, श्वास देणे आणि जंतुदोष ओळखून उपचार करणे शिकवले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, त्या गावांतील नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. तेथे मोजले गेले ते मृत्यू होते, हे खरे. पण ज्या कारणांनी एक बाळ दगावते, त्याच कारणांनी वाचलेल्या दुसऱ्या बाळाचा मेंदू दुखावतो.

याच्या उलट एक उदाहरण देतो. गुदमरलेल्या बाळाचे शरीर ७२ तास सुमारे साडेतेहतीस अंशांवर गार ठेवले तर मेंदूची इजा कमी होते, असे २००५ सालच्या सुमारास पाश्चात्त्य देशांत आढळले आणि तो उपचार तेथे रूढ झाला. तोच उपचार भारत, श्रीलंका आणि बांगला देश येथील ७ मोठ्या रुग्णालयांत ४०८ बाळांवर पारखून पाहिला. त्याचे निष्कर्ष २०२१ साली आले. येथे लाभ तर दिसला नाहीच, उलट गार ठेवलेल्या बाळांत मृत्यू अधिक झाले. इजा झाल्यावर यंत्र आणून ती भरून काढू, ही आशा आपल्याकडे सध्या तरी खरी नाही. गुदमरूच न देणे, हाच आपला उपचार.

बाळ रडले, पेढे वाटले, म्हणजे राखण संपली असेही नाही. नवजात बाळाला कावीळ पुष्कळदा होते आणि बहुतेक वेळा ती आपोआप जाते. पण पहिल्या २४ तासांतच पिवळेपणा आला, किंवा तो तळहात-तळपायांपर्यंत उतरला, किंवा बाळ सुस्तावून दूध ओढीनासे झाले, तर ते पित्तद्रव्य मेंदूत साठून कायमची इजा करू शकते. यावरचा उपचार इंग्लंडमधील रॉचफर्डच्या रुग्णालयात एका परिचारिकेच्या नजरेने सापडला. १९५६ साली सिस्टर वॉर्ड बाळांना उन्हात नेत असत. एका बाळाचे अंग फिकट झाले, पण कापडाखाली झाकलेला भाग पिवळाच राहिला, हे त्यांनी डॉक्टरांना दाखवले. त्यातूनच निळ्या प्रकाशाचा उपचार निघाला आणि १९५८ साली तो प्रसिद्ध झाला. मात्र म्हणून घरी कोवळ्या उन्हात धरणे पुरे होत नाही. वाढलेल्या काविळीला रुग्णालयातील दिवेच हवेत. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर प्रसूतीनंतर ७२ तासांत आईला अँटी-डीचे इंजेक्शन मिळावे. ते १९६८ पासून उपलब्ध आहे आणि पुढच्या बाळाला वाचवते. आणखी एक घरगुती गोष्ट: डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे बाळाला घालू नयेत. काही बाळांच्या रक्तात उपजतच एक उणीव असते आणि त्या वासानेही त्यांना तीव्र कावीळ होते.

पहिल्या तासात अंगावरचे दूध पाजावे. घुटी आणि मध देऊ नये. साखर उतरली तरी मेंदू दुखावतो. कमी दिवसांच्या बाळाला आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून, लुगड्यात बांधून ठेवावे. कोलंबियात पेट्यांचा तुटवडा पडला तेव्हा निघालेली ही रीत आज जगाने स्वीकारली आहे. बाळ दूध सोडते, गळते, गार किंवा तापलेले लागते, झटके येतात, छाती आत ओढली जाते, ही मेंदूज्वराची वा रक्तातील जंतुदोषाची चिन्हे असू शकतात. सरकारी योजनेप्रमाणे आशाताई पहिल्या ४२ दिवसांत घरी येऊन बाळ पाहतात; त्यांना दारातून परत पाठवू नये. बाळाला रागाने गदागदा हलवू नये, आणि बांधकामावर त्याला खांबाशी किंवा उंच फळीवर ठेवण्याची पाळी येऊ नये म्हणून पाळणाघर मागून घ्यावे.

एवढी राखण करूनही काही मुलांना हा विकार होणारच. पुष्कळदा कारण सापडतही नाही. अशा घरी जाऊन ‘तुम्ही हे केले नाही, ते केले नाही’ असे म्हणण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. तीन-चार महिन्यांनी मान न धरणे, मुठी सतत आवळलेल्या असणे, पाय कात्रीसारखे एकमेकांवर जाणे, वर्षाच्या आतच एकच हात वापरणे, ही चिन्हे दिसताच मूल दाखवावे. लवकर सुरू केलेल्या व्यायामाचा उपयोग होतो. १९७२ साली मिठू अलूर यांनी मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया काढली, ती अशी मुले शिकू शकतात या खात्रीनेच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या विकाराचा स्पष्ट उल्लेख आहे. विकार टाळावा, तो झालेल्या माणसाला टाळू नये.

शेवटी कामाचे बोलू. आपल्या वस्तीतील बायका जेथे बाळंत होतात, तेथे चार जणांनी मिळून जावे आणि नम्रपणे तीन प्रश्न विचारावेत. रात्री दोन वाजता येथे बाळंतपण जाणणारे कोण असते? बाळाला श्वास देण्याची पिशवी टेबलाजवळ आहे काय आणि ती वापरायला कोण शिकले आहे? दिवस भरण्याआधी कळा आल्या तर आईला पुढे कोठे पाठवता आणि गाडी किती वेळात येते? उत्तरे लिहून घ्यावीत, वस्तीत वाचून दाखवावीत, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तेच तीन प्रश्न विचारावेत. संघटनेला याहून अवघड कामे जमली आहेत.